निवळी दुधाळ झाली

सातवी 'अ'च्या एकेचाळीस प्रयोगवह्या तपासायच्या होत्या आणि चाळीस वह्यांत एकच वाक्य होतं : 'स्ट्रॉने फुंकल्यावर चुन्याची निवळी दुधाळ झाली.' पुस्तकातलंच वाक्य. बावीस वर्षं मी ते वाचतेय. आता वाचत नाही खरं तर, लाल पेनाने खूण करते आणि वही बाजूला सारते.

एकेचाळिसावी वही मुंगीची. अक्षर मुंगीएवढं म्हणून वर्गाने तिला ते नाव ठेवलं होतं. चष्मा पुसून मला वाचावं लागलं : 'मी खूप वेळ फुंकलं. बुडबुडे आले. निवळी दुधाळ झाली नाही. पुन्हा फुंकलं. डोकं गरगरलं. तरी ती पाण्यासारखीच राहिली.'

माझं डोकंच फिरलं. बाकीचे चाळीस काय आंधळे होते? दिवसभर घसा फोडून शिकवायचं आणि या बाईसाहेब स्वतःचं वेगळंच शास्त्र लिहिणार!

एक गोष्ट इथेच कबूल करते. प्रयोग चालू होता तेव्हा मी प्रयोगशाळेत होते, पण बघत नव्हते. चौघाचौघांचे गट परीक्षानळी आणि स्ट्रॉ घेऊन ओट्यापाशी उभे होते आणि मी टेबलाशी बसून हजेरीचे तक्ते पुरे करत होते. मान वर न करता मधूनच ओरडत होते, "फुंकायचं, ओढायचं नाही! पोटात गेली तर माझ्याकडे यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मुंगीला उभं केलं आणि तिची वही मोठ्याने वाचली. वाचली कसली, नक्कल केली. 'डोकं गरगरलं' म्हणताना डोळेसुद्धा फिरवून दाखवले. वर्ग खो खो हसला. मुलं हसली की मला चेव येतो, ही माझी जुनी खोड आहे.

"हिच्या गटात कोण होतं?"

तिघं उभी राहिली.

"झाली होती ना दुधाळ?"

"हो बाई," तिघंही एका सुरात.

मुंगी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, खरंच नव्हती झाली."

"म्हणजे पुस्तक खोटं, हे सगळे खोटे, मी खोटी. तू एकटीच खरी?"

मी ते पान टरकन फाडलं आणि नवीन लिहून आणायला सांगितलं. मधल्या सुट्टीत तिने आणून दिलं : 'चुन्याची निवळी दुधाळ झाली.' या वेळी अक्षर मोठं आणि ठसठशीत होतं. मी खाली 'छान' असा शेरा मारला.

घरी चहा घेताना नवऱ्याला सगळं रंगवून सांगितलं. "आज एकीची चांगलीच जिरवली." तो घड्याळं दुरुस्त करतो, दिवसभर डोळ्याला भिंग लावून बारीक चाकं बघत असतो. त्याने एवढंच विचारलं, "तू बघितली होतीस का निवळी?" मी म्हटलं, "तुला काय कळतंय त्यातलं?" तो बिचारा बिस्किट बुडवत बसला.

शनिवारी सातवी 'ब'चा तास होता. गट करायला वेळ नव्हता, म्हणून म्हटलं, मीच करून दाखवते. त्याच बाटलीतली निवळी परीक्षानळीत ओतली आणि फुंकायला लागले. चार फुंका, दहा फुंका. वीस. निवळी नळाच्या पाण्यासारखी स्वच्छ. कानशिलं तापली आणि डोकं गरगरायला लागलं.

तेव्हाच मला कळलं. पण मी थांबले का? नाही. चाळीस पोरं समोर बसलेली, आणि मी ती स्वच्छ नळी वर धरून म्हटलं, "बघा, थोडी दुधाळ झालीय ना?"

"होऽऽ बाई!"

सगळा वर्ग. पहिल्या बाकावरच्या पोरीचं नाक नळीपासून हातभर अंतरावर होतं, तीसुद्धा सगळ्यांत मोठ्याने ओरडली. आणि सगळ्यांनी माना खाली घालून लिहायला घेतलं.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. ही पोरं लबाड नाहीत. मी विचारलं तसं त्यांनी उत्तर दिलं. माझ्याच हाताखाली शिकलीत ती.

तास संपल्यावर प्रयोगशाळेतल्या मामांसमोर बाटली ठेवली. त्यांनी बूच काढून पाहिलं. कडेला पांढरी खपली धरली होती.

"सुट्टीच्या आधीची आहे बाई. बूच सैल, हवा लागली की निवळीत दम राहत नाही. मी म्हटलं होतं ना, ताजी करतो म्हणून?"

म्हटलं होतं. चुना ढवळून रात्रभर निवळू द्यावा लागतो, म्हणजे एक दिवस थांबावं लागलं असतं. धडा मागे पडत होता. मीच म्हटलं होतं, "राहू द्या मामा, चालवून घेऊ."

पळवाट होती. फार वेळ फुंकत राहिलं तर दुधाळ झालेली निवळी परत स्वच्छ होते, हेही शास्त्रच आहे. 'तू जास्त फुंकलंस बाळ,' असं म्हटलं असतं तर माझी लाज राहिली असती आणि पोरगीही खूश झाली असती. सोमवारी 'अ' वर्गाचं दार उघडेपर्यंत ते वाक्य माझ्या जिभेवर होतं.

पण ते गिळलं. सगळ्यांसमोर सांगितलं, "त्या दिवशी निवळी खराब होती. मला माहीत होतं, तरी मी वापरली. कोणाचीच दुधाळ झाली नव्हती. खरं एकटीने लिहिलं, आणि तिचंच पान मी फाडलं. मुंगी, माझं चुकलं."

तिच्या गटातली तिघं नखं बघत होती. मुंगी लाजून म्हणाली, "असू दे बाई."

मला हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू. मामांनी ताजी निवळी वाटली. या वेळी मी गटागटांतून फिरत होते. मुंगीने चारच फुंका मारल्या आणि तिच्या नळीत दूध ओतल्यासारखं पांढरं झालं. आजूबाजूला "अय्या!" झालं, आणि सगळे वहीत डोकं खुपसून लिहायला लागले.

मुंगीने वही उघडली, तारीख घातली आणि थांबली.

"लिही ना," मी म्हटलं.

"काय लिहू?"

"जे दिसतंय ते."

नळी तिच्या हातातच होती, पांढरीशुभ्र. तिने नळीकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "बाई, बरोबर काय आहे ते आधी सांगा ना."