एक सूत कमी

माझ्या जिभेला हाड नाही असं अम्मी म्हणते, आणि ते खरंच आहे. म्हणूनच आमचे गिऱ्हाईक किशनराव यांच्या घरी मी गप्प बसले यावर तिचा अजूनही विश्वास बसत नाही.

आमचं सुतारकामाचं दुकान सेनगावात, बसस्टँडच्या मागे. अब्बांना सगळा तालुका फारुकमिस्त्री म्हणून ओळखतो. मी त्यांची धाकटी, सिमरन. हिंगोलीला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि घरी येऊन बसले. गेल्या वर्षी अब्बांचा उजवा खांदा धरला, रंधा मारताना डोळ्यांत पाणी यायला लागलं. दुकान मोबाईलवाल्या मुन्नाला भाड्यानं द्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवून टाकलं. मी आडवी आले. म्हटलं, लाकूड कापायचं मशीन मी बनवते आणि दुकानही मीच चालवते.

अब्बा हसले नाहीत, हेच विशेष.

"किशनरावच्या देवघराची चौकट मी बसवून आलो," ते म्हणाले. "तिच्यात जाळी बसवायची राहिली. ती तुझ्या मशीनवर काप. बराबर बसली तर दुकान तुझं. न्हाई बसली तर मुन्नाचं. मंग रडायचं न्हाई."

"रडून कोण राहिलंय?" मी म्हटलं.

मशीन म्हणजे काय, तर जाड प्लायची चौकट, तीन मोटारी, लांब स्क्रू आणि मधे लाकूड कोरणारी एक छोटी फिरती मोटार. अम्मी त्याला पाळणा म्हणायची. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, मग मोटारी त्या रेघांवरून कोरणी फिरवतात. गोम एवढीच, की कॉम्प्युटरला मिलिमीटर कळतो आणि मोटारीला फक्त पावलं कळतात. एक मिलिमीटर सरकायला किती पावलं टाकायची, तो आकडा आपण भरायचा. तो चुकला की सगळंच चुकलं.

मोटार एका फेऱ्यात दोनशे पावलं टाकते. तिला चालवणारं कार्ड प्रत्येक पावलाचे सोळा तुकडे करतं, म्हणजे फेऱ्याला बत्तीसशे. आता एका फेऱ्यात स्क्रूवरचा नट किती पुढे जातो? मी दोन आट्यांमधलं अंतर मोजलं, दोन मिलिमीटर आलं, भागाकार केला आणि सोळाशे भरून मोकळी झाले. मशीनला म्हटलं, दहा सेंटिमीटर सरक. ते चौपट निघालं आणि टोकाच्या फळीवर असं धडकलं की शेजारचा चहावाला धावत आला.

"मशीनला घाई हाय," अब्बा म्हणाले. "तुझ्यावर गेलंय."

तोंड पाडून मी स्क्रू हातात घेऊन बसले, तेव्हा कुठे दिसलं. त्याच्यावर एक नव्हे, चार आटे होते, चार पेडांच्या वेणीसारखे एकमेकांत गुंफलेले. म्हणजे एका फेऱ्यात नट दोन नाही, आठ मिलिमीटर जात होता. बत्तीसशे भागिले आठ, चारशे. आकडा बदलला, मशीनला फूटभर चालवलं आणि कॉलेजातली स्टीलची पट्टी लावली. रेघेवर रेघ. आनंदानं मी चहावाल्यालाही पट्टी दाखवली.

अब्बांनी मात्र आपला गज काढला. हा सागवानी गज माझ्या दादांनी, म्हणजे अब्बांच्या वडलांनी, स्वतः बनवलेला. तीन फूट लांब, दोन्ही टोकांना पितळी टोप्या, अंगावर फूट, इंच आणि सूत कोरलेले. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, आमच्या धंद्यात त्याखाली कोणी जात नाही. टेपवर अब्बांचा कधीच भरवसा नव्हता. तालुक्यातली निम्मी दारं-खिडक्या या गजावर झालेली, आणि एकही दार घासत नाही हा त्यांचा अभिमान. त्यांचं भांडण फक्त हिंगोलीच्या हरिचंद प्लायवाल्याशी. त्याची आठ फुटी शीट दर वेळी इंचभर कमी भरायची. अब्बा त्याला भर बाजारात चोर म्हणायचे आणि पुन्हा माल त्याच्याकडूनच आणायचे, कारण दुसऱ्यांच्याही शीट तेवढ्याच भरायच्या. सगळे मिळालेले आहेत, असं त्यांचं म्हणणं.

मशीननं काढलेल्या फूटभर रेघेवर अब्बांनी गज ठेवला. "एक सूत कमी चालतं तुझं मशीन."

"अब्बा, चष्मा बदला तुमचा."

एवढं बोलून मी जाळी कापायला घेतली. त्यांनी गजानं घेतलेलं माप होतं दोन फूट रुंद, दीड फूट उंच. फुटांचे मिलिमीटर केले आणि संध्याकाळपर्यंत वेलबुट्टीची सागवानी जाळी तयार. इतकी देखणी की अम्मीनं तिच्यावरून हात फिरवला आणि मशीनला पाळणा म्हणणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर जाळी घेऊन आम्ही किशनरावांच्या गावी गेलो. चार दिवसांवर वास्तुशांत होती. गवंडी होता, रंगारी होता, किशनरावांचे दोघे भाऊ होते. अब्बांनी जाळी उचलून चौकटीत धरली आणि ती खुळखुळली. चारी बाजूंनी फट. बोटानं ढकलली असती तर पलीकडे देवांच्या अंगावर पडली असती.

"मशीनचं काम हो ते," गवंडी म्हणाला. "त्याला काय माया?"

"फारुकमिस्त्री, तुमच्या हाताची सर न्हाई त्याला," किशनराव म्हणाले. "तुमीच करा दुसरी. पोरीला काहून तकलीफ देता?"

माझे कान तापले. चहा आला तसे सगळे ओसरीवर गेले. मी पिशवीतून स्टीलची पट्टी काढली आणि जाळी मोजली. दोन फूट, पुरी. मग चौकट मोजली. दोन फूट आणि वर दोन सूत. पुन्हा मोजली, तेवढीच. फुटाला एक सूत. मशीन कमी चालत नव्हतं, गजच लांब होता. अब्बा त्याच गजानं मोजत आणि त्याच गजानं कापत, म्हणून सगळं एकमेकांत बसत आलं होतं. फक्त बाहेरून आलेली वस्तू बसत नव्हती. प्लायची शीट. आणि आता माझी जाळी.

पट्टी हातात घेऊन मी ओसरीवर आले. एक वाक्य बोलले असते तर दुकान माझं होतं. पण त्या नव्या घराला जुन्या घराचाच मोठा दरवाजा बसवलेला, दादांनी केलेला, त्याच्यावर हात ठेवून किशनराव भावांना दादांचंच कौतुक सांगत होते, आणि अब्बा मान खाली घालून ऐकत होते, लेकराचं कौतुक ऐकावं तसे.

"माझा हिशोब चुकला," मी म्हटलं.

अब्बांनी वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या पट्टीकडे. घरी आल्यावर मी रडले. आधी काय म्हटलं होतं ते आठवून जास्तच रडले.

सकाळी दुकानात गेले तर मुन्ना आलेला. काउंटर कुठे लावायचा ते बघत होता. अब्बा जमिनीवर बसले होते. पुढ्यात हरिचंदची आठ फुटी शीट, तिच्यावर गज आणि गजाला लागून माझी पट्टी.

"काल खोटं काहून बोललीस?" त्यांनी विचारलं.

"तिथं चार माणसं होती, अब्बा. दादांचं नाव..."

"म्हणून सोताचं खराब करायचं?" त्यांचा आवाज चढला. मग त्यांनी गज उचलला, पितळी टोपीवरून अंगठा फिरवला. "पन्नास वर्षं झाली. मी एकदा बी पट्टी लावून पाह्यली न्हाई. माझ्या अब्बांनी केलाय म्हटल्यावर काय पाहायचं?"

मग त्यांनी फोन लावला आणि मुन्नासमोर, मुद्दाम मोठ्यानं बोलले.

"किशनराव, फारुक बोलतो. पोरीचा हिशोब बराबर हाय. फरक माझ्या गजात हाय. हां, माझ्या. उद्या ती येऊन सोता माप घेईल, नवी जाळी तिच्याच मशीनवर व्हईल. तुमच्या भावांना बी सांगा, गवंड्याला बी सांगा."

फोन ठेवून ते मुन्नाला म्हणाले, "तू दुसरी जागा बघ, बेटा." मुन्नानं माझ्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि चप्पल घातली.

मला हसू येत होतं आणि रडूही. मशीन चालू करायला उठले तर अब्बा म्हणाले, "थांब. आधी हिंगोलीला फोन लावून दे."

मी नंबर लावून दिला. पलीकडून आवाज आला. अब्बा खाकरले.

"हरिचंदशेठ, सेनगावहून फारुकमिस्त्री. तुमची शीट मोजली. पुरी हाय." पलीकडे काहीतरी विचारणं झालं. अब्बांनी मांडीवरच्या गजाकडे पाहिलं.

"न्हाई शेठ, ही एकच न्हाई. सगळ्या."