टोपल्याखालचा पंजा

मी एक जुना, एका बाजूने चेपलेला टोपला आहे. मित्रांनो, मी जन्मतः असा नव्हतो. १९५४च्या सुमारास नागभीडच्या एका बुरडाने मला हिरव्या बांबूचा, चांगला गोल विणला. गुणाबाई मला घरी घेऊन आली आणि रोज संध्याकाळी कोंबड्या माझ्याखाली झाकू लागली. कोंबड्यांनी माझं कधी कौतुक केलं नाही.

बाईची भुरी नावाची मांजर होती. तिने कोंबडीचं एक पिल्लू खाल्लं, म्हणून बाईने तिला पोत्यात घालून नाल्यापलीकडच्या जंगलात सोडलं. मग मात्र बाईला जेवण जाईना.

आठवड्याने अंगणातल्या चिखलात पंजा उमटला. दोन बोटं रुंद. बाईने तो माझ्याखाली जपून ठेवला. कोंबड्या घरात गेल्या आणि मला बढती मिळाली. शेजारचा लटारू चार महिने जंगलखात्यात रोजाने होता, त्यामुळे त्याला सगळं ठाऊक होतं. तो रोज मला उचलून पंजा मोजायचा. तिसऱ्या दिवशी तीन बोटं भरली.

"बाई, तुमची भुरी वाढून राह्यली. जंगलात फुकटचं मटन. अशा मांजरी बिबट्याएवढ्या होतेत."

"होऊ दे. वापस तं येऊन राह्यली ना."

पंजा वाढत नव्हता. चिखल वाळून त्याच्या कडा ढासळत होत्या. पण टोपल्याला कोण विचारतो?

चौथ्या सकाळी शेजारी दुसरा पंजा होता. पाच बोटं रुंद, आणि माती अजून ओली. लटारूने तोही भुरीच्याच नावावर घातला आणि मला त्यावर ठेवलं. समोरच्या घरचा कुत्रा त्या दिवसापासून दिसला नाही. त्याची आठवण कोणी काढली नाही.

"आज अंगनातच निजतो," बाई म्हणाली. "ते आली तं तिले दार बंद नको दिसाले."

"लाठी ठेवा जवळ."

"आपल्याच मांजरीले लाठी काऊन?"

दिवस मावळताना भुरी आली. होती तेवढीच, उलट वाळलेली. दुधाच्या वाटीकडे तिने पाहिलंही नाही. माझ्या कडेखालून आत शिरली आणि नाल्याकडे तोंड करून थरथरत राहिली.

बाईने मला उचललं. भुरीचा पाय धरून त्या दुसऱ्या पंज्यात ठेवला. तो मधोमध कुठेतरी हरवला.

"लटारूभाऊ," बाई हळूच म्हणाली, "खाट आत घ्या."

खाट, मांजर, दूध, सगळं आत गेलं. दाराला अडसर लागला. मी अंगणातच राहिलो.

मी चेपलो तो त्यानंतर. कोणामुळे, ते मी पाहिलं आहे. पण तुम्ही अजून लहान आहात. मित्रांनो, एवढंच सांगतो: दिवस मावळायच्या आत आपला टोपला आठवणीने घरात घेत जा.