नोंदवलेला नंबर

चष्म्याच्या दुकानाचे मालक काउंटरवर आले, फोन माझ्यासमोर ठेवला आणि हसून म्हणाले, "मॅडम, हा मेसेज चुकून आलाय बहुतेक. मी काही नर्स होणार नाहीये."

मेसेज आमच्याच वाचनालयाचा होता. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा सराव प्रश्नसंच आपल्या कार्डावर दिला आहे, पंधरा दिवसांत परत करावा. कार्ड त्यांच्या बायकोचं, नंबर त्यांचा. हो, चुकून गेला असेल, एवढं म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण सव्वीस वर्षं काउंटरवर बसून विचारलेल्याला उत्तर द्यायची खोड लागली आहे. "तुमच्या मिसेस घेऊन गेल्यात," असं मी सांगून मोकळी झाले. त्यांनी फोन खिशात घातला. जातानाही ते हसतच होते.

सहा महिन्यांपूर्वी आमच्याकडे नवी संगणक प्रणाली आली. त्याआधी पुस्तकाच्या मागच्या पाकिटात एक कार्ड असायचं, ते मी काढून ट्रेमध्ये ठेवायची, पुस्तक परत आलं की पुन्हा पाकिटात. कुणी काय नेलं ते माझ्या ट्रेला ठाऊक, आणि ट्रेला तोंड नव्हतं. आता सगळं फोनवर. दोन हजार वाचकांचे नंबर जुन्या फॉर्मवरून मीच टाइप केले. बायकांच्या फॉर्मवर नवऱ्याचा नंबर, सासऱ्यांचा नंबर, एखादीच्या मुलाचा. ते मी डोळे झाकून तसेच उतरवले. एकही चूक नाही म्हणून वार्षिक सभेत मला गुच्छ मिळाला. सगळी मिळून एकच मोठी चूक होती, ती कुणाच्याच लक्षात आली नाही. माझ्याही नाही.

चार दिवसांनी त्यांची बायको पुस्तक परत द्यायला आली. चौतिशीची, शांत बाई. कार्ड नवऱ्याने स्वतःजवळ ठेवून घेतलं होतं. परीक्षा कधी आहे, मी विचारलं. सहा आठवड्यांनी, म्हणाली. वाचनकक्षात बसायला कार्ड लागत नाही, रोज येऊन बस, असं मी सुचवलं, तर तिने नुसतं समोर बोट दाखवलं. आमच्या वाचनकक्षाला रस्त्याच्या बाजूने उभ्या काचा आहेत आणि रस्त्यापलीकडे बरोबर चष्म्याचं दुकान.

"परीक्षेचा फॉर्म बहिणीच्या घरून भरला, ताई. त्याचे मेसेज तिच्या फोनवर येतात," ती म्हणाली. "जपायचं तिथे सगळं जपलं. तुमच्याकडून कळेल असं वाटलं नव्हतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

मग मी याद्या काढून पाहिल्या. दुपारी येणाऱ्या बायकांतल्या कादंबऱ्या नेणाऱ्या येतच होत्या. कायद्याची पुस्तकं, बायकांच्या दुखण्यांची, नोकरीची, अशी नेणाऱ्या एकेक करून बंद झाल्या होत्या. मी समजत होते, ऊन फार आहे. दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर येईल तिला हळूच विचारायला लागले, कार्डावर नंबर कुणाचा आहे? जिचा स्वतःचा फोन होता तिचा टाकला. जिचा नव्हता तिच्या कार्डावर माझा. त्या चष्मेवाल्यांच्या बायकोपासून सुरुवात केली, ती येत नसली तरी. महिन्याभरात एकाहत्तर कार्डं झाली. पर्समध्ये फोन दिवसभर भुणभुणायचा. आमच्या ह्यांनी एकदा उचलून पाहिला आणि काळजीने विचारलं, "थायरॉइड, वारसाहक्क आणि कुक्कुटपालन? एकाच दिवशी?"

असल्या गोष्टी झाकून राहत नाहीत. संगणकानेच चहाडी केली. ग्रंथपालांनी मला केबिनमध्ये बोलावलं. एकाच नंबरावर एकाहत्तर वाचक, असा अहवाल त्यांच्यासमोर होता, आणि न विचारता नंबर काढला म्हणून चष्मेवाल्यांचा तक्रार अर्जही. ग्रंथपाल माणूस वाईट नाही. त्यांना फक्त कटकट नको असते.

"बाई, घरचीच माणसं आहेत ना. त्यांना कळलं तर काय बिघडतं?"

"काहीच बिघडत नसेल तर तुमच्या कार्डावर तुमच्या मिसेसचा नंबर टाकते, सर. आत्ताच. तुम्ही काय काय नेता ते त्यांनाही कळू दे."

ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत बसले. मग म्हणाले, सोमवारपर्यंत जुने नंबर पुन्हा टाका आणि दिलगिरीचं पत्र द्या, नाहीतर काउंटर सोडून तळघरात बसावं लागेल. काउंटर मला फार प्रिय होतं, हे त्यांना माहीत होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि ती मला तिथेच काढायची होती. मी पत्र लिहून दिलं. पहिले नंबर मी न विचारता टाकले त्याबद्दल दिलगीर आहे, नंतर विचारून बदलले त्याबद्दल नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

नंबर काही मी बदलले नाहीत. ते सोमवारी बदलले जाणार होते, बदलणारा हात माझा नसणार होता एवढंच. शनिवारी दिवसभर येईल तिला सांगितलं, सोमवारपासून घरी काही नेऊ नका, मागच्या गल्लीतून खाली तळघरात येऊन वाचा. बाकीच्यांना त्यांनीच कळवलं. असल्या निरोपांना संगणक लागत नाही. चष्मेवाल्यांच्या मेव्हणीलाही निरोप धाडला.

सोमवारी माझी रवानगी तळघरात झाली, जुन्या वर्तमानपत्रांच्या खोलीत. काउंटरवर दुसरी मुलगी बसली. जिन्याने उतरताना मला रडू आलं, ते कुणी पाहिलं नाही हे बरंच झालं. खोलीत दोन ट्यूबलाइट, एक लांब टेबल, दोन खुर्च्या. संगणक नाही. खिडकीही नाही. दार मागच्या गल्लीत उघडतं.

अकरा वाजता त्या दारातून ती आली. प्रश्नसंचाची एक प्रत संदर्भ विभागात असते, ती बाहेर नेता येत नाही. तळघर काही बाहेर नाही, म्हणून मी ती आधीच खाली आणून ठेवली होती. परीक्षेला नऊ दिवस होते. तिने चप्पल काढली, पाय खुर्चीवर घेतले आणि गणितं सोडवायला बसली. दोन तासांत एकदाही मान वर केली नाही.

बुधवारी तिघी आल्या. गुरुवारी सात. एक जण वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर बसून वारसाहक्काचा कायदा वाचत होती, ते मला बघवेना. वर जाऊन वाचनकक्षातल्या खुर्च्या मी एकेक करून खाली आणायला लागले. गुडघे कुरकुरत होते, पण त्यांच्याकडे लक्ष द्यायला सवड नव्हती. चौथ्या खुर्चीला ग्रंथपाल जिन्यातच भेटले.

"बाई, जुनी वर्तमानपत्रं बघायला तर कुणी येत नाही. खाली इतक्या खुर्च्या कशाला?"

"बसायला," मी म्हटलं.

जिना अरुंद आहे. खुर्ची पुढे जावी म्हणून ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले.