विहिरीकडचा कोपरा

मी घोंगडी. ज्या बैठकीत माणसं उमेदवार ठरवतात, तिला ती माझ्या नावानं ‘घोंगडी बैठक’ म्हणतात. तिथं माझ्यावर बसतात सगळे, पण मला कुणी काही विचारत नाही. तेच बरं. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

निमगाव सावाच्या पलीकडे एका वाडीत माझा जन्म झाला, एक्क्याण्णव साली. लोकर बिरदेवाच्या मेंढ्यांची, सूत त्याच्या बायकोनं, तुकाबाईनं, कातलेलं. सणगरानं मला विणलं आणि चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलं. तेव्हापासून चिंचोक्यांशी माझं नातं आहे. ते पुढं असं अंगाशी येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

सहा-सात वर्षं मी बिरदेवाच्या खांद्यावर रानोमाळ हिंडले. एकदा शेकोटीतली ठिणगी पडून माझा एक कोपरा जळला. तुकाबाईनं त्यावर पांढऱ्या लोकरीचं ठिगळ लावलं. काळ्या अंगावर ते लांबूनही दिसायचं. पुढं बिरदेव गेला, मेंढ्या विकल्या. मुलगा हनुमंत चाकणला कंपनीत लागला. घरी उरल्या तुकाबाई, सून पुष्पा आणि मी.

त्यांचं घर माळावर. तिथं अकरा घरं. पंचायतीचा नळ खालच्या आळीत आला आणि तिथंच थांबला. पाणीपट्टीची नोटीस मात्र दर साली न चुकता माळ चढून यायची. पुष्पा डोक्यावर हंडा घेऊन विहिरीवरून यायची, तेव्हा दारात शिपाई नोटीस घेऊन उभा असायचा.

दोन हजार पाच साली पंचायतीची निवडणूक लागली. वाडीच्या वाट्याला एक जागा. मागच्या खेपेला वाडीचे दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि दोघेही पडले. म्हणून या खेपेला आधी आपसात एकच नाव ठरवायचं, असं गेणभाऊंनी जाहीर केलं. गेणभाऊ एस.टी.चे निवृत्त कंडक्टर. देवळासमोरच्या चिंचेखाली मला अंथरलं आणि एक्केचाळीस घरांतून एकेक माणूस आला.

इच्छुक तीन. पहिले रखमाजी. त्यांचं म्हणणं, पाणीपट्टी सरसकट माफ. मग मोटारीचं वीजबिल कोण भरणार, असं कुणीतरी विचारलं. ते सरकार बघेल, असं त्यांनी सांगितलं. दुसरे सयाजी. स्लॅबच्या घराला जास्त घरपट्टी, पत्र्याच्या घराला कमी, हे त्यांचं धोरण. त्यांचा स्वतःचा दुमजली बंगला ओसरीवरच्या दोन पत्र्यांमुळे पंचायतीच्या दप्तरात पत्र्याचं घर होता.

तिसरी पुष्पा. ती उभी राहून एवढंच म्हणाली, “ज्याच्या दारात पाणी, त्यानं पट्टी भरावी. आमच्या दारात पाणी न्हाई, तर नोटीस तरी कशाला? मी निवडून आले तर माळावर नळ येईल. न्हाईतर आमच्या पोरीबी हंडंच वाहतील.”

तिचं म्हणणं मला लगेच समजलं. त्यानंतरचं काही समजलं नाही.

कारण चर्चा पट्टीवरून उठली आणि ‘निवडून कोण येणार’ यावर जाऊन बसली. रखमाजी दोनदा पडलेले, म्हणून या खेपेला लोकांना दया येईल, असा एक विचार. सयाजीची भावकी मोठी आणि दारात जीप, म्हणून तेच येणार, असा दुसरा. त्या भावकीतली निम्मी घरं सयाजीशी बोलत नाहीत, हे जीपच्या शेजारी बसून सांगणं अवघड होतं.

पुष्पाबद्दल बसलेल्यांतला बहिरू म्हणाला, “पोरीचं खरं हाय, राव. मला पटतंय. पन लोक मत देनार न्हाईत.”

त्याच्या शेजारचाही तेच म्हणाला. मला पटतंय, पण लोकांना पटणार नाही. जागा राखीव नाही तर बाई कशाला, असं लोक म्हणतील. मग तिसरा, चौथा. मी त्या ‘लोकां’ना बराच वेळ शोधत होते. वाडीतली सगळी घरं तर माझ्यावरच बसली होती.

शेवटी गेणभाऊंनी गुप्त मतदान काढलं. सगळ्यांना उठवून माझे चारही कोपरे मुडपले, बाभळीच्या काट्यांनी टाचले आणि चार खोळी केल्या. माझं पांढरं ठिगळ त्यात आत झाकलं गेलं. देवळाकडची रखमाजींची, चिंचेकडची सयाजींची, विहिरीकडची पुष्पाची आणि रस्त्याकडची ‘तिघांपैकी कुणीच नको’ अशांची. प्रत्येकानं चारही खोळींत हात घालायचा आणि एकीत चिंचोका सोडायचा. कोणाचा कुठं पडला ते देवाला ठाऊक.

मतदान संपलं आणि चहा आला. ऊन सरकून माझ्यावर आलं होतं. चार जणांनी मला जपून उचललं आणि सावलीत नेऊन ठेवलं. एकही चिंचोका सांडू नये म्हणून सगळी वाडी डोळ्यांत तेल घालून बघत होती. मला कसं फिरवून ठेवलं, ते मात्र कुणी बघितलं नाही, आणि त्या उचलाउचलीत मलाही कळलं नाही.

मोजणी झाली. एका खोळीत एकोणीस, दुसरीत बारा, तिसरीत आठ, चौथीत दोन. एकोणीसवाली खोळ आता वेशीकडे होती, आणि वेस कुणाच्याच नावाची नव्हती.

“माफी कुनाला नको असती? एकोणीस माजे,” रखमाजी म्हणाले.

“माजी भावकीच सतरा घरांची हाय,” सयाजी म्हणाले.

परत मतदान घ्यायला एकोणीसचा मालक म्हणवणारे दोघेही तयार होईनात. दोघं स्वतंत्र उभे राहण्याच्या गोष्टी करू लागले. म्हणजे पुन्हा मागच्यासारखंच.  एकोणीस पुष्पाचे असतील हे कुणाच्या तोंडी येईना, तिच्याही नाही.

तेव्हा कडेला बसलेली तुकाबाई उठली. हातानं चाचपत ती माझ्या पांढऱ्या ठिगळापाशी आली. एकोणीस त्याच खोळीत होते. तिनं देवळातला हळदीचा भंडारा मागवून मुठीत घेतला आणि ठिगळावर हात ठेवला.

“ह्यो कोपरा विहिरीकडं व्हता. बिरोबाची आन.”

घोंगडीवर भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. गेणभाऊंनी टोपी सारखी केली आणि पुष्पाचं नाव जाहीर केलं. बिरोबाच्या आणेपुढं जायची छाती नव्हती म्हणून बाकीचे दोघे मागं फिरले. सयाजींनी तर जीपही दिली. पुष्पा तेवीस मतांनी निवडून आली. लोक मत देणार नाहीत म्हणणारे सगळे गुलालात होते.

सव्वा वर्षानं माळावर नळ आला. तुकाबाईनं पहिला तांब्या भरला, ओट्यावर माझ्यावर येऊन बसली, पाणी प्याली आणि माझ्या ठिगळावरून हात फिरवत हळूच म्हणाली, “माज्या डोळ्याला तवा मोतीबिंदू व्हता. ठिगळ हाताला लागलं. कुठल्या दिशंला व्हतं, ते मला काय ठावं!”

मग तांब्या खाली ठेवत म्हणाली, “घोंगडी खोटं बोलत न्हाई म्हन्त्यात. पन मी कुठं घोंगडी हाय?”

ती गेली त्यालाही दोन वर्षं झाली. आता पुन्हा निवडणूक आली आहे. माळावर नळ आल्यामुळे पट्टीची नोटीस हक्कानं येते, आणि तिथली बाकीची घरं आता रखमाजींची माफी बरी म्हणतात. पुष्पानं काल मला झटकून उन्हात टाकलं. बैठकीसाठी माझ्या तीन कोपऱ्यांना तिनं तीन रंगांचे दोरे ओवलेत. ठिगळाचा तसाच ठेवला.

बसा बाबांनो माझ्यावर. उचलाल तेव्हा कोपरे तेवढे ध्यानात ठेवा. ते एकोणीस कुणाचे होते हे मला विचारू नका. मी घोंगडीच आहे. खोटं मला बोलता येत नाही, आणि खरं काय ते मला ठाऊक नाही.