जमिनीत सोडलेला बाण

त्या डुकराचं पुढे काय झालं?

हा प्रश्न कुमारने पोलिसांना विचारला. विमा कंपनीच्या बाईंना विचारला. त्या जंगलात शिकारीचा हक्क असलेल्या म्हाताऱ्यालाही विचारला. पोलीस म्हणाले, गाडी झाडावर आदळली. बाई म्हणाल्या, फॉर्म भरा. म्हातारा म्हणाला, दोन दिवस कुत्रा फिरवला, माग लागला नाही. आणि त्याने खांदे उडवले. उत्तर कुणीच दिलं नाही. म्हणून कुमार माझ्याकडे आला.

मी एक क्रॉसबो. बंदुकीच्या दस्त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य म्हणा हवं तर. दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे माझ्यातून तीन बाण सोडून बघितले, मला खोक्यात भरलं आणि खोक्यावर एका सांबराचं चित्र चिकटवलं. ते चित्र बघून मला वाटायचं, आपण शिकारीसाठीच जन्मलो. मग जहाजाने मी जर्मनीत आलो आणि ब्राउनश्वाइगच्या एका दुकानात भिंतीवर टांगला गेलो.

तिथे दीड वर्ष मी माणसं बघितली. क्रॉसबो घ्यायला येणारा माणूस आधी सगळ्यात महागडा उचलतो, खांद्याला लावतो, आरशात बघतो आणि मग किंमत विचारतो. कुमार तसा नव्हता. तो आला तो थेट माझ्यासमोर उभा राहिला. चोवीस वर्षांचा, दहावीला दोनदा बसून सोडून दिलेला, हॉटेलातल्या तंदूरने हातावरचे केस जळालेले. त्याच्याबरोबर श्रीधर होता. पुण्याचा, कुमारच्या दादाबरोबर वोल्फ्सबुर्गच्या मोटारींच्या कारखान्यात काम केलेला. जर्मन बोलायला त्याला आणलं होतं.

"कशासाठी हवाय, विचारतायत दुकानाच्या बाई," श्रीधर म्हणाला.

"टार्गेट प्रॅक्टिस सांग."

"खरंच टार्गेट ना?"

"सांग ना बे."

दुकानाच्या मालकीणबाई साठीच्या होत्या. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. छोटा पिस्तुलासारखा घेऊ नका, ते खेळणं आहे. नऊशे युरोचा घेऊ नका, त्याच्या कप्प्या बिघडल्या तर दुरुस्तीला आमच्याकडेच यावं लागेल. हा साधा घ्या, याची दोरी घरी बदलता येते. सगळे पैसे नुसत्या ताकदीवर घालवू नका, थोडे चांगल्या सहा बाणांना, दोरीच्या मेणाला आणि ताणायच्या दोराला ठेवा. आणि एक लक्षात घ्या, एकदा ताणला की मागे फिरता येत नाही. बाण लावून तो कुठेतरी सोडावाच लागतो. रिकामा सोडलात तर तुटेल.

श्रीधर भाषांतर करत होता. कुमारचं अर्धं लक्ष खोक्यावर होतं.

"शेवटचं म्हणजे," बाई म्हणाल्या, "आमच्या देशात याने शिकार करायला बंदी आहे. मी प्रत्येकाला सांगते."

"मग खोक्यावर सांबर कशाला छापलंय, विचार त्यांना."

श्रीधरने विचारलं. बाई हसल्या. "जिथे चालतं तिथल्यांसाठी. गेनाऊ, बरोबर पकडलंत."

मला मात्र हसू आलं नाही. दीड वर्ष मी भिंतीवर होतो आणि मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

कुमारने मला घेतलं. त्याच्या बजेटमध्ये बसणारा मीच होतो. गाडीत श्रीधर म्हणाला, "कुमार, तुझा इथला परवाना स्वयंपाकी म्हणून आहे. काही उलटंसुलटं झालं तर पहिल्या विमानाने घरी पाठवतील."

"वहिनी जाऊनच राहिल्या ना. मी तरी इथे कुणासाठी राहू?"

तेव्हा मला सगळं कळलं. दादाचं नाव संघर्ष. घरातला पहिला इंजिनियर, नागपूरहून जर्मनीत आलेला. धाकट्या भावाला इथल्या हॉटेलात चिकटवून देणारा, आपल्याच घरात ठेवून घेणारा. दोन हजार सोळाच्या ऑक्टोबरात, सकाळच्या पाळीला जाताना, जंगलातल्या रस्त्यावर रानडुक्कर आडवं आलं. दादा गेला. डुक्कर जंगलात निघून गेलं. जानेवारीअखेर क्रांतीवहिनी सात वर्षांच्या लेकीला, हर्षाला घेऊन कायमची नागपूरला जाणार होती. कुमारने ठरवलं होतं, त्याआधी ते डुक्कर मारायचं.

तो बोलायचा फक्त माझ्या दोरीला मेण लावताना. "त्याचा मागचा पाय लंगडा असणार. एवढी गाडी लागली म्हणजे लंगडा असणारच." हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण रोज म्हणता म्हणता ते लंगडं डुक्कर माझ्याही डोळ्यांपुढे चालायला लागलं. खोटं कशाला सांगू, मलाही ते हवं होतं. तो सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या नेमबाजांच्या क्लबात जायचा. पहिल्या दिवशी त्याचे बाण मातीच्या बांधात गेले. तिसऱ्या खेपेला सहाच्या सहा पिवळ्या वर्तुळात.

डिसेंबरात घरी दादाच्या स्मरणाचं पुण्यानुमोदन झालं. मी हॉलमधल्या कपाटावर खोक्यात होतो. आखनहून, हानोवरहून माणसं आली. बुद्धाच्या मूर्तीशेजारी दादाचा फोटो, मेणबत्त्या, पांढरी फुलं. सगळ्यांनी मिळून त्रिशरण आणि पंचशील म्हटलं. जेवणं झाली, माणसं गेली. वहिनी भांडी पुसत होती.

"भाऊजी, पहिलं शील तुम्ही म्हटलं नाही."

"म्हटलं ना."

"मी तुमच्या शेजारी बसले होते. दुसऱ्यापासून आवाज आला तुमचा."

पहिलं शील म्हणजे कुठल्याही प्राण्याची हत्या करणार नाही. बाकीची चार त्याने घेतली होती. फसवायचं नाही म्हणूनच त्याने पहिलं सोडलं होतं. इतका तो सरळ होता.

"हर्षाला तुमच्या दादांनी शिकवलेलं आहे ते," वहिनी म्हणाली. "ती तुमच्या तोंडाकडे बघत होती."

जायचा दिवस शनिवार होता, विमान संध्याकाळचं. पहाटे सायकलला मला बांधून कुमार त्या रस्त्याला गेला. दादाची गाडी आदळून झाडाची साल जिथे निघाली होती तिथे बसला. गवतावर पांढरं दव गोठलं होतं. उजाडायला लागलं तसं त्याने माझ्या पुढच्या कडीत पाय घातला, दोन्ही हातांनी दोर ओढला. मी खट् करून ताणलो गेलो. बाण बसला.

डुकरं शेताच्या कडेने आली. एकामागून एक. पुढचं पंधरा पावलांवर येऊ दिलं आणि कुमारने माझ्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावला. माझा सुरक्षेचा खटका उघडला. त्याचं बोट माझ्या चापावर होतं आणि मी तयार होतो. इतका तयार मी कधीच नव्हतो.

दुर्बीण पहिल्या डुकरावरून दुसऱ्यावर गेली. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. अकरा होती. अकराही सारखीच काळी, सारखीच ओली. एकही लंगडत नव्हतं.

"कोणतं?" कुमार पुटपुटला. मग त्यांच्याकडेच बघून म्हणाला, "तुमच्यातलं कोणतं?"

ती रस्ता ओलांडून पलीकडच्या जंगलात गेली. रस्त्यावर तेव्हा एकही गाडी नव्हती.

त्याने बोट काढलं. मला खाली ठेवावं म्हणून दोरी हाताने सैल करायला गेला, आणि थांबला. एकदा ताणला की मागे फिरता येत नाही, हे दुकानातल्या बाईंचं वाक्य त्याला आठवलं असावं. ताणलेला मी, लावलेला बाण आणि मारायला कुणी नाही. मग तो उठला, त्या झाडाच्या बुंध्यापासून एक पाऊल लांब मला सरळ खाली धरलं आणि चाप ओढला. बाण पिसांपर्यंत मातीत गेला. कुमार तिथेच बसून रडला. तीन महिन्यांत मी त्याला रडताना पहिल्यांदा बघितलं.

आता मी त्या क्लबाच्या भिंतीवर असतो. कुमारने मला तिथेच देऊन टाकलं. नवी माणसं मला उचलतात, कागदावर नेम धरतात. माझी दोरी जुनी झाली आहे, तेवढी बदला. आणि माझ्यासारखा घ्यायला जाल तेव्हा ताकद, किंमत, दुर्बीण सगळं बघा, पण ताणायच्या आधी बाण कुठे जाणार ते ठरवा. मला मागे फिरता येत नाही. तुम्हाला येतं.

त्या सकाळी कुमार घरी पोचला तेव्हा बॅगा दाराशी लागल्या होत्या. त्याने मला खोक्यात न घालता तसंच भिंतीला टेकवलं. माझ्या कडीला चिखल होता. वहिनीने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"बाण कुठंय?"

"जमिनीत."

मूर्ती अजून बांधली नव्हती, दादाचा फोटोही. कुमार हात धुऊन फोटोपुढे बसला. हर्षा जर्मनमध्ये काहीतरी विचारत त्याच्याजवळ आली आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसली. त्याने हात जोडले आणि पहिलं शील मोठ्याने, सावकाश, तिला प्रत्येक शब्द ऐकू जाईल असं म्हटलं.