खूण विरेपर्यंत

साल एकोणीसशे सत्त्याण्णव. काकांच्या पंपांच्या कारखान्यात तेव्हा पुतणीने बनवलेल्या गाड्या धावत. बसक्या, बिनचालकाच्या, यंत्रांपाशी माल नेणाऱ्या. त्यांना हुकूम कुणी द्यायचा नाही. मुंग्यांसारखं आपलं काम आपणच शोधायचं. यंत्रापाशी पोचलेली गाडी वाटेतल्या चुंबकी पट्ट्यांवर खूण सोडी, मागची ती खूण धरून येई. वाट ओस पडली की खूण विरून जाई.

काकांनी सकाळीच बजावलं होतं, "संध्याकाळच्या भोंग्याला सगळा माल बाहेर दिसला नाही, तर तुझं हे वारूळ भंगारात. मग आईकडे रडत जायचं नाही."

दुपारी भोकं पाडणारं एक यंत्र अडकून बंद पडलं. गाड्यांनी शेजारच्या यंत्राकडे वळायला हवं होतं. त्या मात्र बंद यंत्रापुढेच एकीला एक चिकटून उभ्या. शेजारचं यंत्र रिकामंच घरघरत होतं.

पुतणीने धावत रांगेचं टोक गाठलं, तर तिथे कारखान्यातले जुने मिस्त्रीमामा घामाघूम होऊन एकेक गाडी बंद यंत्रापर्यंत ढकलताहेत!

"मामा, हे काय?"

"अडलीय बिचारी. पोचवतोय."

"तुम्ही पोचवता, ती खूण सोडते, नि मागच्या सगळ्या तिच्या नादी लागतात! हात काढा आधी."

"अडलेल्याला ढकलायचं नाही, तर काय गोंजारायचं?"

"काहीच करायचं नाही."

तेच भारी जड गेलं. मामांनी दोन्ही हात काखेत दाबून धरले. काका विजेच्या मुख्य खटक्यापाशी येऊन उभे राहिले. "बंद करतो. हातानेच उरकू."

"काका, खूण विरू द्या. एवढंच मागते."

"नि नाही विरली तर?"

काकांचं बोट खटक्यावर टेकलं.

शेवटची गाडी जराशी मागे सरली. थबकली. मग शेजारच्या यंत्राकडे वळली. तिच्यामागून दुसरी.

"शहाणी गं पोर ती!" मामा पुटपुटले. गाडीला की पुतणीला, देव जाणे.

तेव्हाचे भोंगे लांबलचक वाजत. संध्याकाळचा वाजू लागला तेव्हा शेवटचा पंप गाडीवर दारात होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. काकांनी इकडेतिकडे पाहिलं नि गाडीला पायाने हळूच ढकललं. "पडला बाहेर," म्हणाले.

काका पुढे मरेपर्यंत पाहुण्यांना 'आमचं वारूळ' दाखवत राहिले. मामा निवृत्त झाले. नातवंडं चालायला शिकताना ते हात पाठीमागे बांधून उभे राहत, आणि सुनेची बोलणी खात. पुतणीने असे आणखी कारखाने उभारले. आता तिचे केस पिकलेत. मागे सरलेली ती गाडी तिच्या घरात आहे. ढकलायची मात्र कुणाला परवानगी नाही.