गोमाजीची बोट

सुहास गुरुजींची बोट बुडाली ती काही समुद्रात नाही. महाडच्या बाजारपेठेत, पुतणीच्या फ्लेक्सच्या दुकानात, भर दुपारी पंख्याखाली बुडाली. आणि बुडवली कोणी, तर त्यांच्या सख्ख्या आईनं. तेव्हापासून गुरुजींच्या जिवाला चैन नव्हती. जेवायला बसले की अर्ध्यावर उठायचे. चपला घालून गेटपर्यंत जायचे आणि काय आणायला निघालो होतो तेच विसरून परत यायचे. बायको म्हणाली, "तुमचं काही हरवलंय का?" आता तिला काय सांगणार, बोट हरवली म्हणून?

ही बोटीची भानगड आधी सांगायला हवी. गुरुजींचे आजोबा गोमाजी पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतले. दुसऱ्या महायुद्धात ते इंग्रजांच्या लढाऊ बोटीवर कामाला होते. जुनी माणसं तिला मनवार म्हणायची. गुरुजी दीड वर्षाचे असताना आजोबा वारले, त्यामुळे गुरुजींना त्यांचा चेहरासुद्धा आठवत नाही. आठवायचं ते वाडीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडचं एक वाक्य, "लढाईत गोमाजीची बोट गेली."

सातवीत असताना शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. विषय, 'माझ्या घराण्याचा पराक्रम'. वर्गातली निम्मी पोरं मावळ्यांची वंशज. कोणाचा खापरपणजोबा रायगडावर पहाऱ्याला, कोणाच्या घरात तलवार, आणि तलवार नसेल तर ती जिथं टांगलेली असायची ती खुंटी तरी. बौद्धवाडीतल्या सुहासकडे काय होतं? बाकाच्या टोकाची अर्धी जागा होती. विषय देणाऱ्या मास्तरांनाही वाटलं असेल, हे पोर काय बोलणार. पोर उभं राहिलं आणि त्यानं थेट मनवार बाहेर काढली. शत्रूची विमानं आली, बॉम्ब पडला, बोटीचे दोन तुकडे झाले, आणि शेवटच्या माणसाला उतरवल्यावरच माझ्या आजोबांनी पाण्यात उडी घेतली. वर्ग आ वासून ऐकत राहिला. कप मिळाला. दुसऱ्या दिवशी पोरांनी बाकावर मधली जागा करून दिली.

मग पन्नास वर्षं ती बोट चालली. लग्नात चालली, निरोपसमारंभात चालली, चौदा एप्रिलच्या सभेत तर हमखास चालली. दर खेपेला लाटा हातभर उंच व्हायच्या. गुरुजी खोटारडे नव्हते हो. स्वतःच्या मुलाला परीक्षेत अर्धा गुण वाढवून न देणारा माणूस! पण बोटीचा विषय निघाला की जीभ सैल सुटायची. त्यांचा हिशेब साधा होता. बोट होती हे खरं, बोट गेली हेही खरं, मधल्या लाटा तेवढ्या पदरच्या.

यंदा वाडीत वाचनालय उभं राहिलं आणि त्याला गोमाजींचं नाव द्यायचं ठरलं. मंडळाचा अध्यक्ष धम्मपाल म्हणजे बोट दिलं की मनगट धरणारा गडी. आधी गुरुजींकडे पुस्तकं मागितली, मग कपाट, आणि शेवटी म्हणाला, "गुरुजी, दर्शनी भिंतीवर बोटीचं मोठं चित्र पायजे." गुरुजींना तेवढंच हवं होतं.

धाकट्या भावाची मुलगी अनुष्का कॉम्प्युटरवर चित्रं करते. तिनं आधी कॉम्प्युटरला सांगून एक चित्र काढून घेतलं, मग त्यावर स्वतःचा हात फिरवत बसली. चित्र झालं मात्र झकास. काळाशार समुद्र, एका अंगाला कललेली लोखंडी बोट, आकाशाकडे तोंड केलेल्या तोफा, धूर, वर घिरट्या घालणारी विमानं. आणि पुढं कठड्यापाशी एक हात उंचावून उभे गोमाजी. फक्त पहिल्या खेपेला त्या उंचावलेल्या हाताला दोनच बोटं आली होती.

"काका, कॉम्प्युटरला हात जमत नाहीत," अनुष्का म्हणाली. "कोणाला सहा बोटं देतो, कोणाला दोन."

"पाच कर बाई. लोक हसतील," गुरुजी म्हणाले. पोरीनं दिवस घालवून पाच केली, नखांसकट.

छापायच्या आधी गुरुजींनी हौसेनं आईला दुकानात आणलं. येसूबाई पंचाऐंशीची. मोतीबिंदू नुकताच काढलेला, काळा गॉगल लावून फिरायची आणि दिसेल ते वाचायची. पडद्याला नाक लावून तिनं चित्र पाहिलं.

"ह्यो कोन?"

"तुझे सासरे."

"मामंजी? आनि ही?"

"त्यांची बोट. लढाईत गेली ना, ती."

"बोट कशाला जाईल?" येसूबाई म्हणाली. "बोट चांगली धडधाकट व्हती. मामंजींची बोटां गेली. बोट हलली नि लोखंडाचा दार आपटला हातावर. तीन बोटां गेली. म्हनून तर त्यांना घरी धाडला." मग अनुष्काच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "चित्र चांगला काढलास गो. हात तेवढा चुकला."

अनुष्का हसत सुटली. "म्हणजे काका, कॉम्प्युटरचंच बरोबर होतं!" मग तिचं काकांच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि तिनं हसू आवरलं.

बोट गेली, बोटं गेली. बघा बोलून. टिंबाएवढा फरक. जन्मभर पोरांच्या वह्यांत राहिलेली टिंबं लाल पेनानं देणारा माणूस, आणि त्याच्याच घरात एका टिंबापायी अख्खी मनवार बुडाली!

रिक्षात गुरुजींनी विचारलं, "आई, इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू कप घेऊन नाचत आलास," येसूबाई म्हणाली. "मी काय बोलनार व्हते?"

तर ही अशी बोट हरवली होती. खरं काय ते तिघांनाच माहीत. अनुष्का शहाणी, ती बोलायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण आईचं काय? येसूबाईला कोणी विचारलं की ती आहे ते सांगणार, तिला दुसरं येतच नाही. आणि वाचनालयाच्या दारात, साऱ्या वाडीसमोर, तिला कोणी ना कोणी विचारणारच. मग पन्नास वर्षांचा शब्द गेला. 'गुरुजींनी बोटाची बोट केली' एवढंच लोक पुढची पन्नास वर्षं सांगतील. गुरुजींना ते आत्ताच ऐकू यायला लागलं होतं. बाजारात दोन माणसं हसताना दिसली तरी वाटायचं, आपल्यालाच हसतात.

शेवटी शनिवारी त्यांनी मनाचा हिय्या केला. येसूबाई तांदूळ निवडत बसली होती.

"आई, उद्या तू येऊ नकोस. चढ आहे, ऊन आहे. डोळ्यांत धूळ गेली तर पंचाईत."

येसूबाईनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "बरा. नाय येत," म्हणाली आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

सुटलो, असं वाटून गुरुजींनी चहा मागितला, आणि तो तसाच कपात गार झाला. गोमाजींना डोळ्यांनी पाहिलेलं आता एकच माणूस उरलेलं. त्यांना जेवायला वाढलेलं, शेवटच्या आजारात त्यांचं सगळं काढलेलं. आणि त्यांच्या नावाच्या कार्यक्रमाला तिलाच घरी ठेवायचं. गुरुजींना स्वतःची लाज वाटली, पण 'ये' म्हणायला तोंड उघडेना. संध्याकाळभर ते या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले.

रविवारी सकाळी दारात जीप. धम्मपाल स्वतः उतरला. "जय भीम गुरुजी! आजींना न्यायला आलोय. पडदा त्यांच्याच हातानं उघडायचा."

येसूबाईनं लेकाकडे पाहिलं. "डोळ्यांत धूळ जाईल म्हनतो ह्यो."

"गॉगल हाय ना आजी," म्हणत धम्मपालनं तो तिच्या डोळ्यांवर चढवलासुद्धा. जीप निघाली. पोलादपूर गेलं, घाटाचं वळण गेलं, चढ लागला, आणि पुढच्या सीटवर गुरुजी काचेतून बाहेर बघत मनातल्या मनात एकच घोकत होते, तिला कोणी विचारू नये, तिला कोणी विचारू नये.

वाचनालयापुढे मांडव घातला होता. सगळी वाडी जमलेली, मुंबईची मंडळीही आलेली. वंदना नेहमीप्रमाणे गुरुजींनीच सांगायची आणि बाकीच्यांनी मागून म्हणायची. त्रिसरण झालं. पंचशील सुरू झालं. तीन शीलं घडाघडा झाली आणि चौथ्यापाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, गुरुजींचा आवाज अडकला. ते खोकले. लोक हात जोडून थांबले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून येसूबाईचा एकटीचा आवाज आला, "मुसावादा वेरमणी." मग सगळ्यांनी म्हटलं. गुरुजींनीही ओठ हलवले.

येसूबाईनं दोरी ओढली. पडदा बाजूला झाला आणि भिंतभर समुद्र उघडला. पोरं विमानं मोजायला लागली. मुंबईकरांनी मोबाइल वर धरले. गुरुजी मनात म्हणाले, आता हार, आता भाषणं, सुटलो. पण धम्मपालनं माइक उचलला तो सरळ येसूबाईपुढे नेऊन धरला.

"आजी, गोमाजीबाबांना बघितलेल्या तुम्हीच एकट्या. बोटीचं काय झालं ते आज तुमच्या तोंडून ऐकू द्या."

येसूबाईनं गॉगल काढला, पदरानं पुसला. चित्राकडे पाहिलं. मग लेकाकडे बराच वेळ पाहिलं.

"माज्या सासऱ्याची बोट गेली," ती म्हणाली. "लढाईत बुडाली. सुहास सांगतो ना, तसाच झाला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. येसूबाई येऊन खुर्चीवर बसली. गुरुजी वाकून तिच्या कानाशी म्हणाले, "आई, हे काय केलंस?"

"चार दिस जेवला नायस तू. तुजा तोंड बघवना मला."

"अगं, आत्ताच शील घेतलं आपण."

"घेतला नि मोडला. माजा मी बघीन," येसूबाई म्हणाली आणि तिनं गॉगल पुन्हा डोळ्यांवर चढवला.

गुरुजींना रडू येत होतं आणि संतापही येत होता, तोही स्वतःचाच. तेवढ्यात धम्मपालनं पुकारा केला, "आता गुरुजी आपल्याला बोटीची सगळी हकिगत सांगतील." लोक सावरून बसले. गुरुजी माइकपाशी गेले. पहिलं वाक्य जिभेच्या टोकावर होतं, पन्नास वर्षांचं घोटलेलं. 'समुद्र खवळला होता.' ते त्यांनी गिळलं.

"बोट गेली नाही," ते म्हणाले. "बोटं गेली."

लोकांना वाटलं माइक बिघडला. मागून कोणीतरी ओरडलं, "आवाज वाढव!" गुरुजींनी आपला हात वर केला आणि बोटं पसरून दाखवली. "ही. हाताची बोटं. बोटीवर दार आपटून आजोबांची तीन बोटं गेली. मी ऐकताना चुकलो, आणि पुढची विमानं, बॉम्ब, उडी, सगळं माझं रचलेलं. मला वर्गात सांगायला काहीतरी हवं होतं. आई आत्ता बोलली ती माझी अब्रू राखायला बोलली. तिच्याकडे बोट दाखवू नका. खोटं माझं आहे."

मागच्या बाजूला कोणीतरी फिसकन हसलं. धम्मपाल एकदा गुरुजींकडे आणि एकदा भिंतीवरच्या विमानांकडे बघत राहिला. अनुष्कानं मान खाली घातली. मग जन्मभर मुंबईत राहिलेला, भावकीतला म्हातारा जानू खुर्चीतूनच म्हणाला, अगदी साध्या आवाजात, "कंच्या हाताची रे?"

गुरुजींनी तोंड उघडलं. तोफा किती होत्या ते त्यांना पाठ होतं. विमानं कोणत्या दिशेनं आली, लाटा किती उंच होत्या, ज्या फळीला धरून आजोबा तरंगले ती कसल्या लाकडाची होती, सगळं तयार होतं. हात कोणता ते माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. दुकानातून आल्यावर चार दिवस आई शेजारच्या खोलीत होती आणि त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी आईकडे पाहिलं.

येसूबाई उठली. धम्मपाल हात द्यायला धावला, तिनं तो घेतला नाही. ती लेकाच्या शेजारी येऊन उभी राहिली. गुरुजींनी माइक तिच्या तोंडापुढे धरला.

"डाव्या हाताची," ती म्हणाली. "आंगठा नि करंगळी ऱ्हायली व्हती. लोकांत बसले का हात पंच्याखाली ठेवायचे. घरात नाय ठेवायचे." ती सुहासकडे वळली. "तू लय रडका व्हतास. माज्याकडे ऱ्हायाचा नायस, बापाकडे ऱ्हायाचा नायस. मामंजी मांडीवर घ्यायचे नि त्याच हातानं पाठ थोपटायचे. दोन बोटांनी. तेव्हा कुठं झोपायचास. ते गेले, नि मग म्हैनाभर तू झोपलास नाय."

गुरुजींच्या हातातला माइक खाली आला. लोकांनी खुर्च्या पुढं ओढल्या, आणि येसूबाई माइकवाचून बोलत राहिली.